किलोला पन्नास-शंभर जास्त देऊन नीट वाढवलेली कोंबडी कोण घेईल का?

मृणाल_राजारामपुरी
मॉलच्या फ्रीजरमधलं पॅकबंद चिकन हल्ली कोपऱ्यावरच्या दुकानापेक्षाही स्वस्त पडतं. महिनाअखेरीला तर किलोवर अर्धा किलो फुकट. सोसायटीच्या ग्रुपवर त्या ऑफरचा फोटो पडला की पाच मिनिटांत ‘माझ्यासाठी दोन आण’ सुरू होतं.

मला हिशेब लागत नाही. मका, सोयाबीन, लाईट, गाडीभाडं, बर्फ, पॅकिंग, सगळं चढतंय आणि कोंबडी आहे तिथंच. म्हणजे मधल्यामध्ये हे कुणीतरी सोसत असणार. एक तर पाळणारा, नाहीतर कोंबडी. माझा अंदाज, दोघंही.

तर प्रश्न सरळ आहे. कोल्हापुरात कुणी कोंबड्यांना जास्त जागा देऊन, सावकाश वाढवून, हाल न करता विकायचं ठरवलं आणि किलोला पन्नास-शंभर जास्त लावले, तर तुम्ही घ्याल का? ‘शाकाहारी व्हा’ हा सल्ला कृपया नको, तो मला घरातच मिळतो.

तांबडा_पांढरा
ताई, कोल्हापुरात चिकनला मांसाहार म्हणतात हे तुम्हाला कुणी सांगितलं? आमच्याकडं ‘आज जेवण हाय’ म्हटलं की मटणच. चिकन म्हणजे उपासाचं.

निवांत_रंकाळा
घेणार नाही. स्पष्ट सांगतो. घरातली दोन पोरं तालमीत जातात. त्यांना रोज काहीतरी दमदार लागतं. मटण रोज परवडत नाही, बदाम परवडत नाहीत, म्हणून बॉयलर. ज्याच्या खिशात आहे त्यानं कोंबडीचं सुखदुःख बघावं, आमची ना नाही. पण स्वस्त घेणाऱ्याला पापी ठरवू नका.

मृणाल_राजारामपुरी
@निवांत_रंकाळा, दादा, पापी कुणालाच म्हटलं नाही हो.

शाहूपुरीची_सून
आम्ही पॅकबंद आणतच नाही. आठवडी बाजारातून गावठी आणतो. उकिरड्यावर फिरून, किडे-दाणे वेचून वाढलेली असते, त्यामुळे मनालाही टोचत नाही आणि रश्श्यालाही चव येते. महाग पडते, म्हणून महिन्यातून एकदाच. हाच तोडगा आहे असं मला वाटतं.

गडहिंग्लजचा_शेडवाला
वहिनी, ती गावठी बाजारात येते कशी ते एकदा बघा. पाय सुतळीनं बांधून मोटरसायकलच्या हँडलला उलट्या टांगलेल्या, चोची उघड्या, डोक्यात रक्त उतरलेलं, आणि असं वीस-पंचवीस किलोमीटर. आमच्या शेडमधल्या पक्ष्याचा शेवटचा दिवस वाईट असतो हे मान्य, पण गावठीचाही काय माहेरपणाला निघाल्यासारखा नसतो.

दुसरं म्हणजे बाजारातली निम्मी ‘गावठी’ ही सोनाली नाहीतर डीपी क्रॉस जातीची असती. तीही शेडमध्येच वाढती, फक्त रंगीत पिसं आणि तुरा बघून गिऱ्हाईक फसतंय.

माझी स्वतःची पाच हजार पक्ष्यांची शेड आहे, कंपनीच्या करारावर. कुणाला काय विचारायचं असेल तर विचारा, खरं तेच सांगीन.

कायदा_कट्टा
शेडवाले बरोबर बोलताहेत. जनावराला यातना होतील अशा रीतीनं नेणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. आकडा कित्येक दशकांपूर्वीचा, तोच अजून चालू.

तांबडा_पांढरा
पन्नास रुपयांत तर आता कलेजी पण येत नाही.

मृणाल_राजारामपुरी
@गडहिंग्लजचा_शेडवाला, दादा, मग सांगाच. पिल्लू आल्यापासून गाडीत चढेपर्यंत काय होतं? आणि तुम्हाला काय उरतं?

गडहिंग्लजचा_शेडवाला
सांगतो. पिल्लं, खाद्य, औषध, लस आणि सुपरवायझर कंपनीचा. शेड, तूस, पाणी, लाईट, कोळसा आणि राबणं आमचं. पहिले आठ-दहा दिवस ब्रूडिंग, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायची, तेव्हा रात्रीची झोप नाही. थंडी वाजली की पिल्लं एकमेकांवर चढून गुदमरतात. मग रानीखेत, गंबोरो या रोगांची लस पाण्यातून. चाळीस-बेचाळीस दिवसांत पक्षी दोन-सव्वादोन किलोचा होतो आणि रात्री लिफ्टिंगची, म्हणजे पक्षी उचलून न्यायची गाडी येते.

एका पक्ष्याला साधारण एक चौरस फूट. जीसी, म्हणजे वाढवण्याचा दर, किलोला सात रुपये धरा. मर, खाद्याचा हिशेब यावर तो खाली-वर होतो. एका बॅचला सत्तर-पंच्याहत्तर हजार येतात, त्यातनं तूस, कोळसा, लाईट, मजुरी, बँकेचा हप्ता. बॅच गेली की शेड धुऊन पंधरा दिवस मोकळी ठेवायची. आता तुम्हीच बघा काय उरतं ते.

तुम्ही मॉलमध्ये अडीचशेला घेतला काय आणि दीडशेला घेतला काय, माझे सात ते सातच.

निवृत्त_पशुवैद्य
शेडवाल्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं आहे. थोडी भर घालतो, कारण या विषयावर भलतेसलते समज फार आहेत.

पहिला समज, कोंबडीला हार्मोनची इंजेक्शनं देतात. नाही देत. पाच हजार पक्ष्यांना रोज एकेक टोचत बसायला माणसं कुठून आणणार? इतक्या झपाट्यानं वाढ होते ती निवड पैदाशीमुळे आणि खाद्यामुळे. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठानं १९५७ ची, १९७८ ची आणि २००५ ची जात शेजारीशेजारी एकाच खाद्यावर वाढवली. छप्पन्न दिवसांनी जुना पक्षी ९०५ ग्रॅमचा, मधला १,८०८ ग्रॅमचा आणि नवा ४,२०२ ग्रॅमचा. खाद्य तेच होतं, बदललं ते रक्त.

आणि खरा त्रास इथंच आहे. छातीचं मांस इतकं भराभर चढतं की पाय, हृदय आणि फुफ्फुसं मागे पडतात. शेवटच्या आठवड्यात काही पक्षी चार पावलं चालून बसतात. काहींच्या पोटात पाणी होतं. ओल्या तुसावर बसून राहिल्यानं अमोनियानं पायाचा सांधा भाजतो. याची खूण घरी बघता येते: तंगडीच्या खालच्या टोकाशी, जिथं पाय तोडलेला असतो त्या सांध्यावर तपकिरी-काळा डाग दिसला तर तो त्या भाजण्याचा. त्वचा काढलेली असली तर छातीचं मांस बघा. धाग्याला समांतर पांढऱ्या रेघा दिसतात, ती झपाट्यानं झालेल्या वाढीची निशाणी. खायला धोका नाही, पण पक्ष्याची कुंडली कळते.

शाहूपुरीची_सून
डॉक्टर, आता मी आयुष्यात तंगडीकडं पूर्वीसारखं बघणार नाही. उपकार की अपकार ते रविवारी ठरवते.

शाकाहारी_सुखी
एक प्रश्न. हे सगळं वाचूनही वांगं का चालत नाही?

तांबडा_पांढरा
वांग्यावर किती फवारण्या असतात ते शिरोळच्या मळ्यात जाऊन विचारा. निदान कोंबडीला लस तरी असती.

निवृत्त_पशुवैद्य
@शाकाहारी_सुखी, आपण अंडी खाता का?

शाकाहारी_सुखी
अंडं चालतं. अंडं शाकाहारीच आहे की.

निवृत्त_पशुवैद्य
मग ब्रॉयलरपेक्षा, म्हणजे मांसाच्या कोंबडीपेक्षा, जास्त हाल आपल्या ताटात आहेत. ब्रॉयलर सहा आठवडे का होईना, तुसावर मोकळा असतो. अंड्याची कोंबडी दीड वर्षाच्या आसपास तारेच्या पिंजऱ्यात उभी असते आणि तिच्या वाट्याला साधारण साडेचारशे चौरस सेंटीमीटर येतात. ए-फोर कागदाचं क्षेत्रफळ सव्वासहाशेच्या आसपास भरतं. तिला पंख पसरता येत नाहीत, मातीत लोळता येत नाही. शिवाय अंड्याच्या जातीतला नर अंडं देत नाही आणि मांसालाही परवडत नाही, म्हणून तो हॅचरीत पहिल्याच दिवशी संपतो. युरोपीय संघानं हे साधे पिंजरे २०१२ पासून बंद केले. आपल्याकडं विधी आयोगानं २०१७ साली २६९ वा अहवाल याच विषयावर दिला, अंड्याच्या कोंबड्या आणि ब्रॉयलर यांची ने-आण आणि निगा. वाचण्यासारखा आहे.

शाकाहारी_सुखी
बरं.

लेस्टरकर_मूळ_बावडा
इथल्या सुपरमार्केटची गोष्ट सांगतो. ब्रिटनमध्ये स्वस्त कोंबडीवरून २००८ च्या सुरुवातीला टीव्हीवर मोठं रान उठलं होतं. लोकांनी शेडमधलं चित्रण बघून डोळे पुसले, आणि त्याच फेब्रुवारीत एका बड्या सुपरमार्केटनं अख्खी कोंबडी १.९९ पौंडाला लावली.

आता दोन्ही प्रकार शेजारीशेजारी मिळतात. ‘फ्री रेंज’ लिहायचं असेल तर पक्षी किमान ५६ दिवसांचा हवा आणि बाहेर फिरायला प्रत्येकी एक चौरस मीटर हवा, असा नियम आहे. किंमत दुप्पट किंवा त्याहून जास्त. माझ्या ओळखीतले बहुतेक लोक बोलतात फ्री रेंजबद्दल आणि ट्रॉलीत टाकतात साधी. अंड्यांच्या बाबतीत मात्र लोक खरंच बदलले, कारण तिथला फरक काही पेन्सांचा आहे. माझं मत, फरक किती यावर सगळं आहे.

निवृत्त_पशुवैद्य
लेस्टरकर, तिथल्या दाटीचा कायदेशीर आकडा किती आहे सध्या?

लेस्टरकर_मूळ_बावडा
इंग्लंडमध्ये चौरस मीटरला कमाल ३९ किलो जिवंत वजन.

निवृत्त_पशुवैद्य
गंमत बघा. शेडवाल्यांच्या एक चौरस फुटाचा हिशेब केला तर चौरस मीटरला पावणेअकरा पक्षी, सव्वादोन किलोचे, म्हणजे चोवीस किलो. गडहिंग्लजची शेड इंग्लंडच्या कायद्यापेक्षा बरीच मोकळी निघाली! कोंबडीवरच्या मायेनं नव्हे. आपल्या शेडला जाळीच्या भिंती, वर पत्रा, एप्रिलमध्ये जास्त दाटी केली तर दुपारीच निम्मे पक्षी आडवे होतील. आता बंदिस्त, पंखे-पॅड लावलेल्या शेड येऊ लागल्या आहेत, तिथं ही दाटी वाढेल.

गडहिंग्लजचा_शेडवाला
खरं हाय डॉक्टर. उन्हाळ्यात पत्र्यावर उसाचा पाला आणि पाण्याचे फवारे, बाजूला ओली बारदानं. तरी मर होतीच.

मला विचाराल तर शेडपेक्षा पुढचं वाईट. लिफ्टिंगची पोरं एका हातात चार-पाच पक्षी तंगडीला धरून उचलतात, कारण त्यांना नगावर पैसे. पंख मोडतो, मांडी निखळते. मग लोखंडी जाळीची गाडी, रात्रभर वारा, आणि सकाळी दुकानासमोरच्या पिंजऱ्यात थरावर थर. वरच्याची घाण खालच्याच्या डोक्यावर. पाणी कोण ठेवत नाही, कारण दोन तासांत कापायचंच असतं. पण काही दुपारपर्यंत तसेच असतात, आणि समोर बाकीच्यांचं चाललेलं असतं.

संत_सडेतोड
कापण्याच्या पद्धतीवर पण बोला की. कुठल्या पद्धतीत त्रास कमी

संपादक_मंडळ
वरच्या प्रतिसादाचा पुढचा भाग आणि त्यावरचे अकरा प्रतिसाद काढले आहेत. हा धागा कोंबडीचा आहे, माणसांच्या धर्माचा नाही. पुन्हा तसं झालं तर धागा कुलूपबंद होईल.

खानावळ_मालक
मी धंद्याच्या बाजूनं लिहितो. माझ्याकडं रोज चाळीस-पन्नास किलो चिकन लागतं. तंदूरला लहान पक्षी लागतो, किलो-सव्वा किलोचा, तो महिन्याभराचा कोवळाच असतो. थाळीला मोठा. गिऱ्हाईक आल्यापासून जाईपर्यंत एकच विचारतं, रस्सा परत मिळंल का. कोंबडी कुठं वाढली हे आजवर एकानंही विचारलेलं नाही.

पण चवीचं विचारतात. बॉयलरचं हाड शिजलं तरी पाण्याला अंग येत नाही, मग खोबरं-तीळ वाढवून रस्सा धरायला लागतो. दोन महिन्यांचा पक्षी असेल तर हाडात जीव असतो, अळणी पाणी सुरेख निघतं. तेव्हा मृणालताई, तुम्ही ‘हाल न केलेली कोंबडी’ म्हणून विकू नका, कोण घेणार नाही. ‘रश्श्याची कोंबडी’ म्हणून विका. रांग लागंल.

मृणाल_राजारामपुरी
म्हणजे कोंबडीचं भलं करायचं तर तिच्या चवीची जाहिरात करायची. विचित्र वाटतं, पण पटतंय.

निवांत_रंकाळा
कोल्हापूरकर दरावर उठतो, हे विसरू नका. २०१९ च्या शेवटी मटणाचा दर वाढला तर आंदोलन झालं, कृती समिती झाली, मटणाची दुकानं बंद राहिली. बकऱ्याचं काय झालं हे तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

तांबडा_पांढरा
त्या आंदोलनात दुकानं बंद होती तेवढे दिवस बकरी सुखात होती. जगातली एकमेव प्राणी कल्याण चळवळ, जी मटण खाण्यासाठी झाली.

वारणेचा_हिशेबनीस
सगळे भावनेनं लिहिताहेत, जरा आकडे मांडतो. शेडवाल्यांचेच आकडे घेतो.

पाच हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये दीड चौरस फूट दिलं तर पक्षी बसतील ३,३३३. शेडवाल्याचं उत्पन्न तेवढंच ठेवायचं असेल तर जीसी सातचा साडेदहा करावा लागेल. म्हणजे जिवंत किलोला साडेतीन रुपये जादा. साफ केल्यावर किलोतलं साधारण पावणेसातशे ग्रॅम हातात येतं, त्यामुळे मांसाच्या किलोला जादा पडले पाच रुपये. पाच! दीडपट जागेची किंमत कोथिंबिरीच्या जुडीपेक्षा कमी.

महाग आहे ती जात. सावकाश वाढणारा पक्षी साठ दिवस घेणार आणि किलोभर वाढीला एक किलो सातशे ग्रॅमऐवजी सव्वादोन किलो खाद्य खाणार. खाद्य चाळीस रुपये किलो धरलं तर जिवंत किलोला बावीस जादा. वर्षाला सहा बॅच निघायच्या तिथं पाच निघणार, त्याचे तीन-साडेतीन. सगळं मिळून मांसाच्या किलोला पंचेचाळीसच्या आसपास. लिफ्टिंगच्या पोरांना नगाऐवजी रोजावर घेतलं, एका हातात दोनच पक्षी धरायला सांगितले, तर आणखी एक-दोन रुपये.

शंभर कुठंच लागत नाहीत. पन्नासात भागतं, आणि त्यातल्या सात रुपयांत निम्मे हाल कमी होतात. हे सात रुपये का दिले जात नाहीत, हा मला प्रश्न आहे.

गडहिंग्लजचा_शेडवाला
हिशेब बरोबर आहे साहेब. एक सुटलं. किती पक्षी टाकायचे ते मी ठरवत नाही, कंपनी ठरवती. मी कमी घेतो म्हटलं की पुढची बॅच शेजारच्याला जाती आणि माझी शेड दोन महिने रिकामी. सात रुपये द्यायला गिऱ्हाईक तयार असेल, पण ते माझ्यापर्यंत यायला वाट कुठाय?

आणि मोकळ्या बाजारात स्वतःचे पक्षी टाकायची हिंमत होत नाही. २००६ ला नवापूरला बर्ड फ्लू निघाला तेव्हा तिकडं शेडच्या शेड मोडल्या. २०२० च्या मार्चमध्ये कोंबडीनं कोरोना होतो म्हणून अफवा उठली, दर मातीत गेला, गोकाककडं तर जिवंत पक्षी खड्ड्यात पुरले. २०२१ ला सोयापेंड एवढी चढली की सरकारला बाहेरून बारा लाख टन आणायला परवानगी द्यायला लागली. करारात सात का होईना, पण मिळतात.

शाहूपुरीची_सून
आणि कडकनाथ? तो तर शेतकऱ्याला श्रीमंत करणार होता.

गडहिंग्लजचा_शेडवाला
वहिनी, त्या जखमेवर मीठ नको. २०१९ ला आमच्या भागातल्या किती जणांचे पैसे त्यात अडकले. पक्षी चांगला, माणसं वाईट.

लेस्टरकर_मूळ_बावडा
लेबलवरही फार विश्वास ठेवू नका. २०२२ मध्ये बर्ड फ्लूमुळे इथल्या सगळ्या कोंबड्या सक्तीनं आत ठेवल्या होत्या. मार्चमध्ये दुकानात पाट्या लागल्या की ही अंडी आता फ्री रेंज धरू नका. ओळखीचा पाळणारा असणं हे कुठल्याही शिक्क्यापेक्षा बरं.

नवीन_सभासद_कागल
अँटिबायोटिकचं कुणीच बोललं नाही. मला कोंबडीपेक्षा माझ्या लेकीची काळजी जास्त आहे.

निवृत्त_पशुवैद्य
काळजी रास्त आहे. दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्रानं २०१४ साली दिल्ली परिसरातले ७० नमुने तपासले, ४० टक्क्यांत अंश सापडले. माणसासाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेलं कोलिस्टिन कोंबड्यांना वाढीसाठी देत असत, त्यावर २०१९ च्या जुलैत बंदी आली. आणि हे हालांपासून वेगळं नाही. दाटी, ओलं तूस, कोंदट हवा असली की आजार येतो, मग औषध. कोरडी गादी आणि खेळती हवा असेल तर निम्मी औषधं लागतच नाहीत. विक्रीआधी औषध बंद ठेवायचे दिवस असतात, ते पाळले तर अंश उरत नाही. पाळणाऱ्याला ‘शेवटचं औषध कधी दिलं’ एवढं विचारता आलं पाहिजे. पॅकेटला विचारता येत नाही.

मृणाल_राजारामपुरी
मूळ प्रश्नावर परत येऊया का? आतापर्यंत ‘घेईन’ असं स्वच्छ कुणीच लिहिलेलं नाही.

शाहूपुरीची_सून
पन्नास असेल तर मी घेईन. गावठीचे पैसे वाचतात.

वारणेचा_हिशेबनीस
घेईन. पण पावती पाहिजे.

निवांत_रंकाळा
रोजचं नाही. रविवारचं घेईन. पोरांचं बॉयलर चालूच राहील, खोटं कशाला बोलू?

शाकाहारी_सुखी
अंडी मोकळ्या कोंबडीची मिळणार असतील तर मला सांगा.

खानावळ_मालक
@गडहिंग्लजचा_शेडवाला, माझ्याकडून आठवड्याला पंधरा किलो पक्कं धरा, फक्त बुधवार-रविवारच्या थाळीला. दर चढला-पडला तरी सहा महिने एकच दर. आकाडात जादा मागीन, श्रावणात मात्र कमी, त्याला इलाज नाही.

गडहिंग्लजचा_शेडवाला
मोठी शेड कंपनीचीच राहील, तिला हात लावत नाही. गोठ्याच्या मागं जुनी अडीचशे-तीनशे पक्ष्यांची खोली आहे, पुढं चिंचेखाली अंगण. तिथं वनराज नाहीतर गिरिराज जातीचे पक्षी टाकून बघता येईल, त्यांना दोन-अडीच महिने लागतात. उन्हाळ्यात नाही टाकणार, पावसाळा लागल्यावर. मुंगसाचा बंदोबस्त आधी करायला लागंल. निम्मे पैसे आगाऊ, आणि पक्षी इथंच कापून बर्फातनं कोल्हापूरला, जिवंत पाठवणार नाही.

मृणाल_राजारामपुरी
ज्यांना हवंय त्यांनी नाव आणि किती किलो ते मला निरोपातून कळवा, फोन नंबर इथं उघड्यावर टाकू नका.

तांबडा_पांढरा
माझे दोन किलो लिहा. कलेजी-पेटा ज्याचा त्याला मिळणार ना?

गडहिंग्लजचा_शेडवाला
मिळंल. पाय तेवढे मागू नका, ते आमच्या म्हातारीला सूपला लागतात.